तासावर बिल करताय? मग काटा तुमच्या घरी हवा



गेल्या काही व्हिडिओंत आपण कोटेशन, ॲडव्हान्स आणि वसुली यांवर बोललो. आज त्याच्याही आधीची गोष्ट. घरी बसून डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, टॅलीची नोंद, ऑटोकॅड ड्रॉइंग, भाषांतर, वेबसाइट असं काम करणाऱ्या मुलामुलींना मी एक प्रश्न नेहमी विचारतो : मागच्या महिन्यात तुम्ही किती तास काम केलं? उत्तर येतं, "सर, दिवसभर कामच चालू असतं." दिवसभर म्हणजे किती? इथे गाडी अडते.

माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. तुम्ही बिल तासावर करा, ठोक करा किंवा महिन्याच्या पॅकेजवर करा, वेळेची नोंद ठेवलीच पाहिजे. ती ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. चालू-बंद करायचं एक बटण आणि पाच रकाने पुरतात. आणि ही नोंद गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी तुमच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी आहे. ज्याच्याकडे स्वतःचा काटा नाही, त्याला समोरचा सांगेल ते वजन मान्य करावं लागतं.

नगर जिल्ह्याला मोजणी नवीन नाही

"तासावर पैसे हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे नाही चालत," असं म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तासावर बिल करणारा सगळ्यात ओळखीचा धंदा कोणता? जेसीबी. शेततळं खोदायचं असो, बांध सरळ करायचा असो की विहिरीचा गाळ काढायचा असो, भाव ठरतो तो ताशी. मशिनवर आवर-मीटर असतं. काम सुरू होताना रीडिंग, संपताना रीडिंग, मधला फरक गुणिले दर. पारनेर असो, कर्जत असो की पाथर्डी, शेतकरी या हिशेबाला हरकत घेत नाही. तो भाव करतो, "दोन तासांत बसव ना भाऊ" म्हणतो, पण मीटर खोटं आहे असं म्हणत नाही. कारण ते त्याला दिसतं.

दुसरं उदाहरण नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीतलं. जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसीचा, लेथचा ताशी दर ठरलेला असतो. पार्ट कापायला पंधरा मिनिटं लागत असतील, पण सेटिंगला दोन तास गेले तर शहाणा मालक ते दोन तास हिशेबात धरतो. मशिन चालू असो वा सेटिंगमध्ये, ते दुसऱ्या कामाला मोकळं नव्हतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

तिसरं उदाहरण तर घराघरातलं. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घातलं की पावती मिळते : लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा आजीसुद्धा पावत्या काढून ताळा जमवते. रोजची छोटी नोंद, ठरलेल्या दिवशी बिल. फ्रीलान्सरच्या वेळेच्या नोंदीचा याहून चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही.

आणि चौथं उदाहरण ऊसवाल्यांचं. आपला जिल्हा सहकारी साखर कारखानदारीचं माहेरघर. प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला तो इथेच. काटामारीवरून शेतकरी संघटना किती वर्षं भांडतायत हे तुम्ही ऐकलेलं आहे. शेतकऱ्याची मागणी काय असते? गाडी कारखान्यात नेण्याआधी मला बाहेरच्या काट्यावर वजन करून घेऊ द्या. माझ्याकडे माझा आकडा असू द्या. बस, एवढंच. आकडा हातात असेल तर बोलता येतं, नसेल तर नुसती कुरबुर करता येते.

आता मला सांगा, ज्या घरात दुधाच्या पावत्या खिळ्याला लावून ठेवतात, त्याच घरातला मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉपवर रात्री एक वाजेपर्यंत काम करतो आणि त्याच्याकडे एकाही तासाची पावती नसते. हे कसं चालेल?

नोंद नसेल तर पैसे कुठे जातात

एक हिशेब मांडू. आकडे समजायला घेतले आहेत, पण प्रकार तुमच्या ओळखीचा आहे.

समजा, शिर्डी रस्त्यावरच्या एका हॉटेलचं मेन्यूकार्ड तुम्ही ₹ २,५०० ला घेतलं. मनात होतं, "एका दिवसाचं काम आहे." आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा :

– पहिलं डिझाइन : ५ तास
– फोन, व्हॉट्सॲप, "जरा येऊन जाता का" : १ तास ५० मिनिटं
– दुरुस्त्या (भाव बदलले, दोन भाज्या वाढल्या, रंग पुन्हा पहिलाच हवा) : ६ तास
– प्रेससाठी फाइल तयार करणं : १ तास ३० मिनिटं

एकूण १४ तास २० मिनिटं. ₹ २,५०० भागिले साधारण १४.३३ म्हणजे ताशी ₹ १७४. त्यातून लाइटबिल, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी जायची आहे.

पण या हिशेबातला सगळ्यात मोलाचा आकडा १७४ हा नाहीच. मोलाचा आकडा आहे ६ तास. एकूण वेळेतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग दुरुस्त्यांनी खाल्ला. म्हणजे तुमचा दर कमी नाही, तुमची अट कमी आहे. पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा : "दोन वेळा दुरुस्ती किमतीत धरली आहे, त्यापुढे ताशी अमुक रुपये." ही ओळ कोणत्याही पुस्तकातून सुचणार नाही. ती नोंदीतून सुचते. नोंद नसती तर तुम्ही एवढंच म्हणाला असता की "हॉटेलवाला चिकट आहे."

खरा दर असा काढा

नवीन मुलं दर कसा काढतात? महिन्याला तीस हजार हवेत. चोवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे १९२ तास. ३०,००० भागिले १९२, ताशी ₹ १५६. चला, ₹ १६० सांगू, स्वस्त पण वाटेल.

यात दोन चुका आहेत. पहिली, आठही तास बिलात जात नाहीत. गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन पाठवणं, पैशासाठी फोन करणं, फाइल बॅकअप, नवीन काही शिकणं, लाइट गेली म्हणून बसून राहणं, याचं बिल कोणाला करणार? एकट्याने काम करणाऱ्याचे आठापैकी साडेचार-पाच तास बिलात गेले तरी पुष्कळ झालं. दुसरी चूक, खर्च धरलाच नाही. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज, मिळून महिन्याला सहा हजार धरा.

आता नवा हिशेब : रोज साडेचार तास गुणिले चोवीस दिवस म्हणजे १०८ तास. हवेत ३०,००० अधिक ६,००० म्हणजे ३६,०००. भागाकार येतो ताशी ₹ ३३३.

१५६ आणि ३३३. दुपटीहून जास्त फरक! आणि हा फरक कशावर अवलंबून आहे? तुमचे बिलात जाणारे तास नक्की किती, या एका आकड्यावर. तो साडेचार आहे की साडेतीन, हे मी सांगू शकत नाही, तुमचा सीए सांगू शकत नाही. फक्त तुमची नोंद सांगू शकते. म्हणून म्हणतो, दर ठरवायच्या व्हिडिओवर व्हिडिओ बघण्याआधी एक महिना वेळ लिहा.

"पण सर, आमच्याकडे तासावर कोण देतं?"

बरोबर आहे. श्रीरामपूरच्या कापड दुकानदाराला "माझा ताशी दर साडेतीनशे" असं सांगितलं तर तो म्हणेल, "मला तास नकोत, पोस्टर दे." त्याला ठोकच भाव सांगा. काही बिघडत नाही.

पण ठोक भाव हा आंधळा भाव नसतो. जेसीबीवालासुद्धा कधी कधी शेततळ्याचं काम ठोक घेतो. तेव्हा तो मनात काय करतो? एवढ्या खोदाईला एवढे तास, गुणिले माझा दर, वर खडक लागला तर थोडं जास्त. म्हणजे गिऱ्हाईकाला ठोक, स्वतःला तास. त्याचा अंदाज चुकत नाही, कारण याआधीच्या किती तरी तळ्यांची रीडिंग त्याने पाहिलेली असतात. तुम्हीही तेच करायचं आहे. दहा लोगोंची नोंद हाताशी असेल तर अकराव्या लोगोचा ठोक भाव तुम्ही न अडखळता सांगाल.

आणि तासावर देणारी गिऱ्हाईकं नसतात असंही नाही. पुण्यातल्या कंपन्या, परदेशातले क्लायंट, दर महिन्याला थोडं थोडं काम देणारे सीए, ड्रॉइंग बदलून घेणारे वर्कशॉपवाले, हे तासावर यायला तयार असतात. त्यांना फक्त हिशेब स्वच्छ हवा असतो.

साधन : बटण एक, रकाने पाच

आता साधनाकडे येऊ. इथे लोक वेळ फार घालवतात. वेळ मोजायचं सॉफ्टवेअर निवडण्यात आठवडा घालवणारी माणसं मी पाहिली आहेत!

सुरुवात वहीने किंवा गूगल शीटने करा. रकाने पाच : तारीख, गिऱ्हाईक, काय केलं, सुरू, बंद. सहावा, "मिनिटं", शीट स्वतः काढेल. शीटमध्ये एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. वेळेची वजाबाकी केली की उत्तर "२:४५" असं दिसतं आणि लोक सरळ दराने गुणतात. चूक! शीट आतून वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवते. म्हणून सूत्र असं हवं : बंद वजा सुरू, गुणिले २४, गुणिले दर. आणि कॅल्क्युलेटरवर करत असाल तर लक्षात ठेवा, दीड तास म्हणजे १.५०, १.३० नव्हे; पावणेतीन तास म्हणजे २.७५, २.४५ नव्हे. या एका चुकीत पावणेतीन तासांच्या कामामागे तुमची अठरा मिनिटं जातात. रात्री बारा ओलांडून काम केलं तर नोंद दोन तुकड्यांत लिहा, नाहीतर वजाबाकी उणे येते.

वही-शीटची सवय पंधरा दिवस टिकली, की मग ॲप. टॉगल ट्रॅक आणि क्लॉकिफाय ही दोन नावं बहुतेकांना पुरतात. दोन्हींची मोफत योजना आहे, दोन्ही मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर चालतात, आणि दोन्हींत गिऱ्हाईकवार अहवाल निघतो. मोफतमध्ये काय मिळतं आणि कशाला पैसे लागतात, हे या कंपन्या बदलत असतात. घेण्याआधी त्यांच्याच पानावर वाचा. ज्याला थोडं तांत्रिक जमतं आणि आपला डेटा दुसऱ्याच्या हाती नको आहे, त्याने किमाई बघावं. ते मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं.

निवडताना मी चारच गोष्टी बघतो :

१. बटण दाबायला किती सेकंद लागतात? दोन-तीन टप्पे असतील तर चौथ्या दिवशी तुम्ही सोडून द्याल.
२. इंटरनेट गेलं तर मोजणी चालू राहते का? अकोल्यात किंवा जामखेडच्या वाडीवर राहणाऱ्याला हा प्रश्न पहिला.
३. विसरलेली नोंद मागाहून हाताने घालता येते का? आपण विसरणार हे नक्की.
४. सगळा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का? उद्या कंपनी बंद झाली किंवा दर वाढले तर आपली नोंद आपल्याकडे हवी.

रंगीत तक्ते, टीम डॅशबोर्ड, इनव्हॉइसची पन्नास डिझाइनं, यातलं एकही एकट्या माणसाला पहिल्या वर्षात लागत नाही. धंदा छोटा असताना साधन कामापेक्षा मोठं झालं की साधनाचीच चाकरी करावी लागते.

स्क्रीनचे फोटो काढणाऱ्या ॲपबद्दल

काही ॲप तुमच्या स्क्रीनचे फोटो काढतात, कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतात. अपवर्कवर तासावरचं काम घेतलं तर हेच असतं : दर दहा मिनिटांच्या तुकड्यात केव्हातरी एक फोटो, आणि पैशाची हमी हवी असेल तर त्यांच्याच ॲपमधून मोजलेला वेळ लागतो. अनोळखी माणूस दुसऱ्या देशातून पैसे देणार, तुम्ही त्याला कधी भेटणार नाही. तिथे ही पद्धत मी समजू शकतो. तिथे काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की त्यांचा आठवडा रविवारी रात्री बाराला जागतिक वेळेनुसार संपतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला.

पण आपल्या ओळखीच्या गिऱ्हाईकासाठी हे स्वतःहून लावून घेऊ नका. ड्रॉइंग बघत दहा मिनिटं विचार करणं हेही कामच आहे, आणि ते कीबोर्डला कळत नाही. शिवाय स्क्रीनवर दुसऱ्या गिऱ्हाईकाचा हिशेब, बँकेचं पान, घरचे फोटो असतात. एका गिऱ्हाईकाला विश्वास देण्यासाठी दुसऱ्याची गुप्तता मोडायची नसते. विश्वास हवा असेल तर नोंदीची ओळ नीट लिहा. "डिझाइन काम, ३ तास" असं लिहिलं तर कोणीही शंका घेईल. "पान ४ ते ९ ची मांडणी, मालकांच्या फोननंतर भाव बदलले, ३ तास" असं लिहिलं तर शंकेला जागा उरत नाही.

तासाच्या हिशेबाचा दोषही ओळखा

आता माझ्याच मताची दुसरी बाजू. तासावर बिल करण्यात एक अन्याय आहे : तुम्ही जितके हुशार व्हाल, तितकं बिल कमी होतं. पहिल्या वर्षी जे ड्रॉइंग सहा तासांत केलं, ते तिसऱ्या वर्षी दोन तासांत होतं. दर तोच ठेवला तर शिकल्याची शिक्षा मिळाली म्हणायची.

याचं उत्तर आपल्या मातीतच आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात हजारो लोक दुष्काळी कामांवर गेले. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. तिथे हजेरीपट असायचा, म्हणजे कोण किती दिवस आलं. आणि मोजमाप पुस्तक असायचं, म्हणजे माती किती निघाली. मजुरी ठरायची ती झालेल्या कामाच्या मापावर. दोन वह्या, दोन प्रश्न : वेळ किती गेला, आणि काम किती झालं?

फ्रीलान्सरनेही दोन्ही ठेवायचं. नोंदीत तासाबरोबर "काय तयार झालं" हेही लिहा : पानं किती, ड्रॉइंग किती, व्हिडिओची मिनिटं किती, एंट्री किती. सहा महिन्यांनी दिसेल की तोच माल तुम्ही अर्ध्या वेळात देताय. त्या दिवशी दोन वाटा आहेत. एक तर ताशी दर वाढवा, किंवा त्या प्रकारचं काम नगावर घ्या. दर वाढवताना गिऱ्हाईकाला सांगायला तुमच्याकडे मुद्दा असतो : "साहेब, दर वाढलाय, पण तुमचं बिल वाढलेलं नाही. पूर्वी सहा तास लागायचे, आता तीन." नोंद नसताना दर वाढवला तर ती मागणी होते. नोंद असताना वाढवला तर तो हिशेब होतो.

बिल, वसुली आणि कायदा

जेसीबीच्या मीटरवर शेवटचा आकडा तासाच्या दहाव्या भागाचा असतो, म्हणजे सहा मिनिटांचा. परदेशातले वकीलसुद्धा सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत बिल करतात. तुम्ही सहाचा तुकडा घ्या किंवा पंधराचा, पण आधी सांगा आणि सगळ्यांना सारखा लावा. दोन मिनिटांच्या फोनचे पंधरा मिनिटं लावायला सुरुवात केली, की तुमचीही काटामारी सुरू झाली असं समजा. शेतकऱ्याची बाजू घेणाऱ्याने स्वतःचा काटा सरळ ठेवला पाहिजे. उलट, काही वेळ न लावता बिलात दाखवा : "फोनवर सल्ला, २० मिनिटं, आकारणी नाही." गिऱ्हाईकाला कळतं की हा माणूस मोजतो आणि सोडूनही देतो.

बिल महिन्याने काढायची सवय असेल तर पंधरा दिवसांवर आणा. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं म्हणून त्यावर भांडण लहान असतं. तीन महिन्यांचं काम एकदम मांडलं की समोरच्याला आठवत नाही आणि तुम्हालाही नाही. मग सुरू होतं "काहीतरी कमी करा ना दादा."

आणि पैसे थकले तर? उसाला कायदा आहे : १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत एफआरपी, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. तुमच्यासाठीही कायदा आहे, पण फार कमी जणांना माहीत असतो. उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु सेवा उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही नियम आला आहे : मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्या व्यावसायिकाला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. म्हणून मार्चच्या आधी मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट स्वतःहून विचारू लागले आहेत, "तुमचा उद्यम नंबर आहे का?"

पण कायद्याकडे जाताना हातात काय लागतं? काम दिल्याचा मेसेज, बिल, आणि कोणत्या दिवशी किती वेळ काय केलं याची नोंद. सुविधा परिषदेपुढे "दिवसभर कामच चालू होतं" हे वाक्य चालत नाही.

खरं सांगायचं तर बहुतेकांवर तिथपर्यंत जायची वेळ येणार नाही, आणि येऊही नये. आपली गिऱ्हाईकं गावातली, तालुक्यातली, कोणी मामाचे मित्र, कोणी शाळेतल्या सरांचे मेहुणे. त्यांच्याशी भांडता येत नाही आणि फुकट कामही परवडत नाही. याच कात्रीत किती तरी हुशार मुलं वर्ष-दोन वर्षांत फ्रीलान्सिंग सोडून दहा-बारा हजारांच्या नोकरीला लागतात. काम येत नव्हतं म्हणून नाही. काम कुठे गेलं ते दाखवता येत नव्हतं म्हणून. नोंद असली की भांडायची वेळच येत नाही. कागद पुढे सरकवायचा आणि गप्प बसायचं. "मामा, हे बघा, दुरुस्त्यांना एवढे तास गेले. यातले दोन तास मी सोडले. बाकीचे बघा तुम्ही." नव्वद टक्के वेळा मामा बघतात, असं म्हणत नाही मी. पण कागद पाहून "हो का, एवढे गेले?" असं म्हणणारा माणूस पुढच्या वेळी सगळ्या दुरुस्त्या एकदम पाठवतो, एवढं मात्र नक्की.

घरच्यांसाठीही याचा उपयोग आहे बरं का. "दिवसभर कॉम्प्युटरसमोर काय करतो हा?" या प्रश्नाला महिनाअखेरीचा एक पानी अहवाल हे सगळ्यात शांत उत्तर आहे. विशेषतः ज्या ताई घरचं सांभाळून काम करतात त्यांनी हे कराच. तुमचे तास सगळ्यात आधी गृहीत धरले जातात, कारण ते कोणाला दिसत नाहीत.

आता करायचं काय?

उद्या सकाळपासून सात दिवस. ॲप नको, शीट नको, साधी वही चालेल. काम सुरू केलं की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. फोनही लिहा, दुरुस्तीही लिहा, रील बघण्यात गेलेली पाऊण तासही लिहा. ती वही कोणी तपासणार नाही. आठव्या दिवशी तीन बेरजा करा : बिलात गेलेले तास, धंद्यासाठी गेलेले पण बिलात न गेलेले तास, आणि वाया गेलेले तास. मग वर दिलेल्या सूत्रात पहिला आकडा टाका आणि स्वतःचा खरा दर काढा.

तो दर बघून धक्का बसला तर पुढच्या कोटेशनमध्ये बदल करा. धक्का बसला नाही तर छान, तुमचा अंदाज पक्का आहे. आता तो कागदावरही आला. सात दिवसांनंतर पुढच्या व्हिडिओत हेच आकडे घेऊन आपण ठोक कामाचं कोटेशन कसं लिहायचं ते करणार आहोत, तेव्हा वही जवळ घेऊन बसा.

कामाला लागा!